ताशी दहा किलोमीटरला सुटणारा ब्रेक

गाडी जवळजवळ थांबलीच होती. शाळेच्या फाटकासमोर झेब्रा पट्टे आहेत, त्यांच्या अलीकडे मी रोज वेग कमी करतो. काटा दहाच्या आसपास आला होता, ब्रेकवर पाय नेहमीसारखा हलकाच होता. एकदम पेडल पायाखाली टरटर थरथरलं, बॉनेटखालून करकर आवाज आला आणि गाडी हात-दीड हात पुढे सरकून मग थांबली. पट्ट्यांवर दोन मुली रस्ता ओलांडत होत्या. मध्ये पुरेसं अंतर होतं, कुणाला काही झालं नाही. पण शेजारी बसलेली बायको "अहो!" म्हणून ओरडली, आणि मी गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं स्टिअरिंग धरून तसाच बसलो. ब्रेक लागले नव्हते असं नाही. लागलेला ब्रेक कुणीतरी परत सोडला होता.

हे यंदाच्या जूनमधलं. पाऊस अजून सुरू व्हायचा होता, रस्ता कोरडा ठणठणीत. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल असं थरथरलं असतं तर मला आनंदच झाला असता, कारण एबीएसचं कामच ते आहे. चाक लॉक होऊन घसरायला लागलं की त्या चाकाचा ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा, परत भरायचा, परत सोडायचा, सेकंदात कित्येकदा. चाक फिरतं राहतं म्हणून स्टिअरिंग हातात राहतं. पण कोरड्या डांबरावर, दहाच्या वेगात, हलक्या ब्रेकला कुठलं चाक लॉक होणार?

गाडी २०११ ची, माझ्या मेहुण्याची. मालवणला त्याच्या अंगणात ती आठ-नऊ वर्षं उभी असायची, समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. त्याने मोठी गाडी घेतली तेव्हा ही आमच्याकडे कराडला आली. त्या काळी एबीएस फक्त वरच्या मॉडेलला मिळायचं आणि त्याने हौसेने तेच घेतलं होतं. आता सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं आहे, एप्रिल २०१९ पासून. १२५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलींनासुद्धा. हे तंत्र तसं जुनं आहे. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं ते १९७८ साली. पण आपल्याकडे बऱ्याच घरांत ते पहिल्यांदाच येतंय, आणि बिघडल्यावर काय करायचं हे गॅरेजांनाही अजून अंगवळणी पडलेलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला डॅशबोर्डवर कुठलाच दिवा नव्हता. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, थांबता थांबता तीच टरटर. मग एका सकाळी एबीएसचा पिवळा दिवा लागला आणि टरटर बंद झाली. दिवा लागला की एबीएसचं युनिट, म्हणजे ब्रेकचा दाब सोडणारी-भरणारी पेटी, आपलं काम थांबवतं आणि साधे ब्रेक उरतात, म्हणून टरटर बंद. गाडी बंद करून परत चालू केली की दिवा जायचा आणि टरटर परत यायची. म्हणजे दिवा लागलेला असताना गाडी जास्त भरवशाची होती! माझ्या डोक्यातून ही गोष्ट काही केल्या जात नव्हती.

गॅरेजला नेली. मिस्त्री ओळखीचे, कामाला चोख. क्लच असो, सस्पेन्शन असो, त्यांच्या हातात गाडी देऊन मी निर्धास्त घरी येतो. त्यांनी स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला, उजव्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा कोड आला. सेन्सर बदलला, मजुरीसकट तीन हजारांच्या आसपास गेले, कोड पुसला. चार दिवस ठीक गेले आणि पाचव्या दिवशी बाजारात परत तेच. परत स्कॅनर, परत तोच कोड.

"सेन्सर तर नवीन टाकलाय साहेब," मिस्त्री म्हणाले. "मग आता युनिटच गेलं असणार."

युनिटची किंमत चाळीस हजारांच्या पुढे. भंगारातलं मिळालं तर पंधरा, पण ते चालेल याची खात्री नाही. आणि तोवर काय करायचं, तर एबीएसचा फ्यूज काढून गाडी वापरा, असा त्यांचा सल्ला. हा सल्ला मात्र मी ऐकला नाही. त्याच युनिटमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचा दाब वाटून देणारी ईबीडी असते. फ्यूज काढला की तीही जाते, पिवळ्याच्या जोडीला हँडब्रेकचा लाल दिवाही लागतो, आणि जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गरकन फिरू शकते. पिवळा एकटा लागला तर सावकाश चालवत गॅरेज गाठता येतं. दोन्ही एकदम लागले तर गाडी आहे तिथे उभी करावी, आधी ब्रेक ऑइल बघावं. मी गाडी शेडमध्ये लावली आणि मोटरसायकल बाहेर काढली.

माझी नोकरी साखर कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशनला. वीस वर्षं झाली. गळीत हंगाम संपलेला, जून-जुलैत आमच्याकडे दुरुस्तीची कामं असतात पण रविवार मोकळा मिळतो. आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सर ही माझ्या रोजच्या ओळखीची वस्तू आहे. आमच्या टर्बाइनच्या शाफ्टवर साठ दातांचं चक्र आहे आणि त्याच्या समोर मॅग्नेटिक पिकअप. आत लोहचुंबक, त्याच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. समोरून दात गेला की वेटोळ्यात व्होल्टेजची एक लाट उठते. एका फेरीला साठ लाटा, म्हणून मीटरवर जितके हर्ट्झ तितकेच मिनिटाला फेरे. माझ्या गाडीच्या चाकात हेच आहे, लहान आकारात. एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर दातेरी रिंग आणि समोर नकलमध्ये, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या लोखंडी भागात, बसवलेला सेन्सर.

मिस्त्रींच्या दुकानात सेन्सर "चांगला" किंवा "गेलेला" असतो. आमच्या कामात तिसरीही शक्यता असते, आणि तीच जास्त वेळा निघते: सेन्सर चांगला, पण त्याच्या समोर जे यायला हवं तेच नीट येत नाही. कोड म्हणतो उजवं पुढचं चाक. तिथे सेन्सर आहे, वायर आहे, कनेक्टर आहे, रिंग आहे, बेअरिंग आहे, आणि सेन्सर व रिंगमधली केसाएवढी फट आहे. कोडने गल्ली सांगितली. घर आपण शोधायचं.

पहिल्या रविवारी मी एकही पार्ट काढला नाही. बॅटरी मोजली: इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १४.१. एबीएसचा पंप भरपूर करंट ओढतो, बॅटरी किंवा अर्थिंग कमकुवत असेल तर युनिट भलभलत्या तक्रारी करतं, म्हणून युनिटच्या अर्थिंगचा बोल्टही काढून घासून बसवला. दोन मोठे फ्यूज असतात, एक पंपाचा, एक व्हॉल्व्हचा; दोन्ही शाबूत. ब्रेक ऑइल बरोबर पातळीवर. चारही टायर एकाच मापाचे, हवा सारखी. हे टायरचं क्षुल्लक वाटतं, पण एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर असेल तर ते चाक कायमच वेगळा वेग दाखवणार. मग चाक जॅकवर उचलून, खाली लोखंडी स्टँड देऊन, वर-खाली धरून हलवून पाहिलं. बेअरिंगला खेळ नव्हता.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी कळली, आणि ती बायकोमुळे. मी चाकाशी खटपट करत असताना ती म्हणाली, "मी चालवताना टरटर झाली ना, तेव्हा स्टिअरिंग जरासं डावीकडे ओढलं गेलं." मी तीन आठवडे ती गाडी चालवत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. डावीकडे ओढ म्हणजे डाव्या चाकाचा ब्रेक धरलेला आणि उजव्याचा सुटलेला. म्हणजे युनिट वेडंवाकडं काही करत नव्हतं. ते ठरवून एकाच चाकाचा दाब सोडत होतं, उजव्या पुढच्या. त्याला कुणीतरी सांगत होतं की हे चाक लॉक झालंय.

ही खोटी बातमी कुठून निघते हे बघायला चारही चाकांचे आकडे चालत्या गाडीत बघायला हवे होते. माझ्या पुतण्याकडे ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला ब्लूटूथ रीडर होता. तो इंजिनाचे कोड दाखवतो, एबीएसच्या युनिटशी बोलतच नाही. बऱ्याच लोकांची इथे फसगत होते. रीडर म्हणतो "कोड नाही", आणि समोर दिवा लागलेला असतो. शेवटी मिस्त्रींनीच आपला स्कॅनर एका संध्याकाळसाठी दिला, भाडं घेतलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

कारखान्याच्या मागचा रस्ता हंगाम नसला की सुनसान असतो. बायकोने गाडी चालवली, मी शेजारी स्कॅनर घेऊन. नियम एकच ठेवला: चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही आणि बघणाऱ्याने गाडी चालवायची नाही. वीसच्या वेगाला चार आकडे: २०, २०, २०, २०. तिने हळूहळू ब्रेक लावायला सुरुवात केली. १४, १४, १४, १३. मग ११, ११, ११, ०. आणि त्याच क्षणी पायाखाली टरटर. सात-आठ वेळा केलं, पाच वेळा तेच झालं. तीन चाकं सांगताहेत अकरा, चौथं एकदम शून्य. युनिटच्या जागी मी असतो तरी त्या चाकाचा ब्रेक सोडला असता. त्याहून वेग कमी झाला, माणूस चालतो तितका, की एबीएस स्वतःच बाजूला होतं आणि साधा ब्रेक लागतो. म्हणून गाडी शेवटी थांबायची, पण हात-दीड हात उशिरा.

तिथल्या तिथे मी ठरवलं की युनिटवर एक रुपया खर्च करायचा नाही.

पुढचा प्रश्न, हे दहा-अकरालाच का? या जातीच्या सेन्सरला बाहेरून वीज मिळत नाही, तो स्वतःच ती तयार करतो. चाक जितकं सावकाश फिरेल तितकी लाट बारीक. वेगात असताना लाट मोठी असते, थोडा दोष असला तरी खपून जातो. वेग उतरला की लाट इतकी खुजी होते की युनिटला ती दिसेनाशी होते. निरोगी सेन्सरमध्ये ही वेळ गाडी जवळजवळ थांबल्यावर येते. माझ्या उजव्या चाकात ती फार लवकर येत होती. आणि यातली सोयीची गोष्ट अशी की टायरचा घेर पावणेदोन मीटरपेक्षा जास्त, दोनला थोडा कमी. चाक हाताने सेकंदाला एक फेरी फिरवलं की ताशी सात किलोमीटर होतात, दीड फेरी फिरवलं की दहा. म्हणजे दोष नेमका अशा वेगात होता की जो मी शेडमध्ये बसून हाताने देऊ शकत होतो.

दुसऱ्या रविवारी मीटर काढला. सेन्सरचा कनेक्टर सोडवून आधी रेझिस्टन्स मोजला. डावा १.३२ किलोओहम, उजवा, म्हणजे नवा टाकलेला, १.२८. अशा सेन्सरला साधारण एक ते दोन किलोओहम चालतं, तेव्हा दोन्ही ठणठणीत. अर्थला कुठे लागत नव्हते. युनिटपर्यंतची वायरिंगही मोजली, मोजताना ती वाकवली, हलवली, कनेक्टरवर पाणी फवारलं. आकडा ढळला नाही. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून, गिअर न्यूट्रलला, चाक हाताने फिरवलं. डावीकडे, सेकंदाला एक फेरी: ०.४२ व्होल्ट. उजवीकडे त्याच वेगाने: ०.१२, आणि तोही स्थिर नाही, ०.०८ ते ०.१५ मध्ये नाचणारा.

पाव पटीच्या आसपास! नव्या सेन्सरला!

पुतण्या हे सगळं बघत होता. त्याची गाडी दोन वर्षांपूर्वीची. "काका, माझ्याही गाडीचे बघू या की," म्हणत त्याने मीटर उचलला. त्याला थांबवलं, आणि हे इथेही सांगून ठेवतो. नव्या गाड्यांत बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा, अॅक्टिव्ह सेन्सर असतो. त्यालाही दोनच वायरी असतात म्हणून बाहेरून फरक कळत नाही. पण त्याला युनिटकडून वीज मिळते आणि तो करंटच्या भाषेत बोलतो: ७ मिलिअँपिअर, १४, ७, १४. त्याला ओहममध्ये मोजायचं नसतं. आकड्याला अर्थ नसतोच, वर आतल्या सर्किटला इजा व्हायची भीती. आणि अशा गाड्यांत बऱ्याचदा दातेरी रिंगच नसते. बेअरिंगच्या सीलवर चुंबकी पट्टा असतो, डोळ्याला तो नुसतं काळं रबर दिसतो. बेअरिंग उलटं बसवलं की पट्टा दुसऱ्या बाजूला जातो आणि सेन्सर आंधळा होतो. बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

असो. मीटर सरासरी दाखवतो, आणि सरासरीत दोष लपतो. माझ्याकडे हातात मावणारा छोटा ऑसिलोस्कोप आहे, तो प्रत्येक लाट पडद्यावर काढून दाखवतो. तो लावला आणि डावं चाक फिरवलं. पडद्यावर लाटांची रांग, एकासारखी एक. उजवं फिरवलं. लाटा आधीच बुटक्या. त्यातही फुगत जाताहेत, आटत जाताहेत, परत फुगताहेत. आणि मधूनच एक खाच. दोन लाटांत जितकं अंतर असायला हवं त्याच्यापेक्षा बरंच जास्त, जणू ओळीत उभ्या असलेल्या पोरांपैकी एक गैरहजर.

आता ही खाच वायरची की चाकाची? मुलीच्या दप्तरातला खडू घेतला. टायरवर, अगदी वरच्या टोकाला, पांढरी रेघ ओढली. चाक एकदम सावकाश फिरवत गेलो, पुतण्या पडदा बघत होता. खाच आली की तो "आली!" म्हणायचा आणि मी रेघ कुठे आहे ते बघायचो. घड्याळाच्या चारच्या जागी. पुढची फेरी, चार. पुढची, चार. नऊ वेळा केलं, नऊही वेळा चार. वायर सैल असती तर खाच कुठेही आली असती. दर फेरीला एकाच जागी येते म्हणजे ती चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे.

चाक काढलं. कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. तो त्याच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नये, पाइप आतून फाटतो. टॉर्च आणि छोटा आरसा आत घातला, आणि ती दिसली. रिंग गंजलेली होती, पण दात नव्हते खाल्लेले. गंज रिंगच्या खाली होता. जॉइंटची बैठक आणि रिंग यांच्या मध्ये पापुद्र्यावर पापुद्रा चढला होता, जुन्या पत्र्यावर येतो तसा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. मालवणच्या खाऱ्या हवेत आठ-नऊ वर्षं तो आत वाढत गेला, रिंगला आतून रेटत गेला, आणि एके ठिकाणी ती तटकन फुटली होती. फुटीत नख शिरेल इतकी फट. तीच पडद्यावरची खाच. आणि गंजाने रिंग एका अंगाला उचलली गेल्यामुळे फिरताना ती डुलत होती, म्हणून लाटा फुगत-आटत होत्या.

आणखी एक सापडलं. सेन्सर नकलमध्ये जिथे बसतो त्या बैठकीवरही गंजाचा थर होता. नवा सेन्सर त्या थरावरच आवळलेला. त्यामुळे तो रिंगपासून आणखी लांब गेला होता. फट मोजायला पितळी फिलर गेज वापरला. पोलादी पट्टी चुंबकाला चिकटते आणि फसवते. डावीकडे ०.७ मिलिमीटर. उजवीकडे १.१ पासून १.६ पर्यंत, चाक फिरवू तशी बदलणारी. आकडे बघितल्यावर मला मिस्त्रींचा राग आला नाही. स्कॅनरने सेन्सर म्हटलं, त्यांनी सेन्सर बदलला. ज्याच्या दारात रोज दहा गाड्या येतात तो आरसा घेऊन एका चाकात तासभर डोकं घालणार कधी? पण चाळीस हजारांचं युनिट बदलायच्या आधी कुणीतरी ते घालायलाच हवं होतं, असं मला आजही वाटतं. ते बदललं असतं तरी नव्या युनिटला हीच खोटी बातमी गेली असती.

रिंग आणायला कोल्हापूरला गेलो. फुटकी रिंग अजून गाडीवरच होती, पण तिचे दात मी खडूने खुणा करत तीनदा मोजले होते: ४४. पहिल्या दुकानात मिळालेली रिंग आतल्या व्यासाला बरोबर होती, दिसायला जुळी बहीण. काउंटरवर उभं राहून दात मोजले, ४२ भरले. दुकानदार म्हणाले, "बसेल की साहेब, सगळे हीच नेतात." बसली असती. पण ४४ च्या हिशेबाने लाटा मोजणाऱ्या युनिटला ते चाक कायमच साडेचार टक्के सावकाश दिसलं असतं, आणि आठवड्याभरात नवा कोड आला असता. तिसऱ्या दुकानात ४४ ची मिळाली. साडेतीनशे रुपये.

बसवायचं काम मिस्त्रींच्याच गॅरेजला केलं, त्यांच्याबरोबर. हब नट सोडवून शाफ्ट हबमधून बाहेर काढला. जुनी रिंग छिन्नीच्या दोन ठोक्यांत निघाली, तिच्याबरोबर मूठभर तपकिरी पापुद्रे. जॉइंटची बैठक तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने, बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासली. यात पाऊण तास गेला आणि हाच पाऊण तास महत्त्वाचा, कारण खाली गंजाचा एक ठिपका उरला तर तो परत तिथूनच सुरू होणार.

रिंग थंड असताना बैठकीवर चढत नाही, चढायलाही नको. ती ताठ बसली पाहिजे. मिस्त्री हातोडा घ्यायला निघाले. मी जुन्या पातेल्यात तेल तापवायला ठेवलं. लहानपणी आमच्या बैलगाडीच्या चाकांना लोहार धाव बसवायचा ते मी अनेकदा पाहिलंय. लोखंडी कडं भट्टीत लाल करायचा, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर टाकायचा, चढलं की वरून पाणी. चर्रर्र आवाज, वाफ, आणि कडं आवळून चाकाशी एकजीव. इथे इतकी आग लागत नाही. ऐंशी मिलिमीटरची रिंग शंभर अंशांनी तापवली तर जेमतेम एक दशांश मिलिमीटर फुगते, पण तेवढंच हवं असतं. तेल १३० अंशांवर आल्यावर रिंग चिमट्याने उचलली आणि बैठकीवर ठेवली. ती आपल्या वजनानेच खाली सरकून बसली. ठोका एकही नाही. वाकलेला दात एकही नाही. मिस्त्री बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हे आमच्या वडलांना आवडलं असतं."

सेन्सरची बैठकही घासून साफ केली, नवा हब नट घालून टॉर्क रेंचने आवळला. जोडाजोड झाल्यावर गाडी जॅकवरून उतरवायच्या आधी परत मोजलं. फट ०.७, फेरीभर सारखी. हाताने सेकंदाला एक फेरी: ०.४१ व्होल्ट. पडद्यावर लाटांची सलग रांग, चारच्या जागीही. खडूची रेघ तशीच होती, पुसली नव्हती.

पण शेडमधला आकडा म्हणजे रस्ता नव्हे. आधी त्याच मागच्या रस्त्यावर वीस वेळा हलक्या ब्रेकने थांबलो. चारही आकडे हातात हात घालून खाली आले, ३, ३, ३, ३ पर्यंत. मग कारखान्याच्या सुरक्षा विभागाची परवानगी काढून, पाऊस पडून गेल्यावर, रिकाम्या ऊस यार्डात गेलो. हंगामात तिथे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ट्रॉल्यांची रांग असते, जुलैत एक कुत्रंही नसतं. ओल्या काँक्रीटवर आधी तीसला, मग चाळीसला ब्रेक ताकदीने दाबला. पेडल थरथरलं, करकर आवाज झाला, गाडी सरळ रेषेत थांबली. तिसऱ्या वेळी ब्रेक दाबलेला असतानाच स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि गाडी वळली. महिनाभर ज्या आवाजाने पोटात गोळा यायचा तोच आवाज, आणि त्या दिवशी तो ऐकून मला हायसं वाटलं. बायको यार्डाच्या टोकाला छत्री घेऊन उभी होती. तिने येऊन विचारलं, "झालं?" मी म्हटलं, तू एकदा चालवून बघ. तिने बघितलं. स्टिअरिंग ओढलं गेलं नाही म्हणाली. मग मी दिवा, कोड सगळं परत तपासून स्कॅनर मिस्त्रींना दिला.

मेहुण्याला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो गप्पच झाला. "दाजी, मी तुम्हाला अशी गाडी दिली?" म्हणाला. त्याला काय माहीत असणार. गाडी रोज पुसायचा, बॉनेट चकाचक ठेवायचा. चाकाच्या आत, रिंगच्या खाली काय चाललंय ते कुणाला दिसतं? त्याच्या नव्या गाडीला चाकांच्या आतून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचा फवारा मारायला मात्र सांगितलंय.

डावी बाजूही मालवणचीच हवा खाऊन आली आहे. तिथे आरसा घातला तेव्हा रिंगच्या कडेला तपकिरी रेघ दिसली होती, फूट नव्हती. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चाक उचलून मोजतो आणि वहीत लिहितो. जुलैत ०.४२. ऑगस्टमध्ये ०.४१. सप्टेंबरात ०.३७. हंगाम सुरू झाला की रस्ते ट्रॉल्यांनी भरतील आणि रविवारही मिळणार नाहीत, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास तीही बदलायची असं मिस्त्रींशी ठरलंय. रिंग आणून कपाटात ठेवली आहे, दुकानातच ४४ दात मोजून.